'सर्वानुमते मंजूर' लिहिण्याआधी : गोव्यातील ग्रामसभांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील ग्रामपंचायतींचे सरपंच, पंच व सचिव,
आणि रविवारी ग्रामसभेला येऊन बसणारे सर्व गावकरी

सप्रेम नमस्कार.

पंचायतीच्या इतिवृत्ताचे रजिस्टर उघडले की एक वाक्य हमखास भेटते : 'चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर.' त्या दिवशी सभागृहात दोन तास आरडाओरड झालेली असते. कुणी माइक ओढलेला असतो, कुणी सभात्याग केलेला असतो, मागच्या रांगेतून कुणीतरी तीनदा तोच प्रश्न विचारलेला असतो. रजिस्टरात मात्र सगळे शांत, सगळे एकमताचे. पुढच्या ग्रामसभेत इतिवृत्त वाचायला घेतले की पहिल्या पाच मिनिटांत भांडण पेटते ते याच वाक्यावरून. सरपंच म्हणतात, हे लोक मुद्दाम गोंधळ घालायला येतात. पण ज्याचे म्हणणे गेल्या वेळी कागदावर आलेच नाही, तो ते या वेळी आणखी मोठ्याने सांगणार, यात नवल काय?

ग्रामसभेतली भांडणे कमी करायची असतील तर विरोधी मत गप्प करून भागत नाही, ते लिहून घ्यावे लागते. कोण बोलले, काय कारण दिले, कोणती अट घातली, हे बोलणाऱ्याच्या शब्दांत आणि सभा उठण्याआधी कागदावर यायला हवे. बाकीची सगळी शिस्त, म्हणजे माइक, वेळ, मोजणी, ही या एका कामासाठीच असते.

विरोधी मत कशासाठी हवे, ते खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीतल्या, मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) वादातून नीट दिसते. तिसवाडीतल्या किंवा बार्देशातल्या खाडीकाठच्या गावांना हा वाद नवा नाही. मानशीची लाकडी दारे भरतीच्या पाण्याच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. आत भाताची शेते, बाहेर खारे पाणी. मानशीवर मासे धरण्याचा हक्क पावणीने, म्हणजे लिलावाने, दिला जातो, आणि जास्त मासळी आत यावी म्हणून भरतीच्या वेळी दारे उघडी ठेवायचा मोह ठेकेदाराला होतो. खारे पाणी शेतात शिरले की साधे भात टिकत नाही. कोरगुट हे खाजनातले जुने बियाणे थोडा खारेपणा सोसते, पण त्यालाही मर्यादा आहे.

हा विषय ग्रामसभेत आला की तो 'शेतकरी विरुद्ध ठेकेदार' असा दोन तुकड्यांत फाडला जातो. प्रत्यक्षात सभागृहात निदान चार प्रकारची माहिती बसलेली असते. कोणत्या शेतात मीठ आधी वर येते, ते कुळाला ठाऊक असते. दाराची कोणती फळी कुजली आहे आणि कुठून पाणी गळते, ते रोज रात्री जाळे लावणाऱ्याला ठाऊक असते. दार नेहमी कुणी उघडेच ठेवते असे नाही, कधी ते मिटतच नाही. खाडीत तिसऱ्या (शिंपले) वेचायला जाणारी बाई बांधाच्या बाहेरच्या अंगाला खेकड्यांची बिळे कुठे वाढली आहेत ते सांगू शकते, आणि बिळांतून आधी झिरपा सुरू होतो, मग एखाद्या अमावास्येच्या किंवा पुनवेच्या मोठ्या भरतीला बांध फुटतो. डागडुजीचा खर्च कुणी उचलायचा यावर आधी काय ठरले होते, ते जुन्या माणसाला आठवते. यांतल्या कुणाही एकाला 'तू गप बस, तुझा स्वार्थ आहे' म्हणून बसवले की त्याच्याबरोबर तेवढी माहितीही खाली बसते. स्वार्थ असतोच की. मानशीपाशी ज्याचा स्वार्थ नाही तो रात्री दोनला ओहोटी बघायला जाईल कशाला?

आता सभेआधीचे काम. निम्मी भांडणे विषयपत्रिकेतच पेरलेली असतात. 'कचरा शेडबाबत चर्चा करणे' हा विषय नव्हे, तो आखाडा. त्याऐवजी असे लिहावे : 'सुक्या कचऱ्याची वर्गीकरण शेड सर्व्हे नंबर अमुक येथे बांधावी की तमुक येथे; दोन्ही जागांचे आराखडे पंचायत कार्यालयात पाहण्यास ठेवले आहेत.' प्रश्नाचे उत्तर 'हो', 'नाही' किंवा 'अमुक अटीवर' असे देता येईल, इतका तो नेमका हवा. आराखडा आठवडाभर आधी पाहायला मिळाला तर सभेत माहितीचे प्रश्न कमी येतात आणि खरा मतभेद लवकर पुढे येतो. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या शेपटाखाली जमिनीचा, बांधकामाचा किंवा पैशाचा ठराव घेऊ नये. एकदा तसे झाले की पुढची दोन वर्षे लोक प्रत्येक साध्या विषयातही काळेबेरे शोधतात, आणि तो त्यांचा दोष नव्हे.

वेळेचा हिशेबही आधीच करावा. सभा साडेदहाला सुरू झाली आणि एक वाजता सगळ्यांना शीतकडीची आठवण झाली, तर हातात दीडशे मिनिटे असतात. गणपूर्तीची वाट, मागचे इतिवृत्त आणि जमाखर्चाचे वाचन यांत पन्नास जातात. उरली शंभर. एका वादाच्या विषयावर पंधरा माणसे तीन-तीन मिनिटे बोलली तर पंचेचाळीस मिनिटे, वर मोजणी आणि लिहिणे. म्हणजे एका सभेत वादाचे विषय फार तर दोन. पाच ठेवले की पाचवा विषय रिकाम्या खुर्च्यांसमोर मंजूर होतो, आणि मग म्हणतात, लोकांना रस नाही.

सभागृहातल्या काही गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण सगळे तिथेच बिघडते. माइक बोलणाऱ्याच्या हातात देऊ नये. एका स्वयंसेवकाने तो धरावा आणि रांगांतून फिरावे. हातात गेलेला माइक परत येत नाही, हे कुठल्याही सचिवाला विचारा. बोलायचे आहे त्यांनी दाराशीच चिठ्ठीवर नाव, वाडा आणि विषय लिहून द्यावा. चिठ्ठ्या आल्या त्या क्रमाने नव्हे, आलटून पालटून घ्याव्यात : एक बाजूने, एक विरोधात, एक नुसता प्रश्न असलेला. आल्या क्रमाने घेतल्या तर एकाच गटाची दहा माणसे लवकर येऊन पहिला अर्धा तास बळकावतात. एकदा बोलून झालेल्याला दुसरी संधी सगळ्यांचे झाल्यावरच. आणि सरपंचांनी आपले मत शेवटी मांडावे. खुर्चीवरून पहिल्याच मिनिटाला 'हा प्रकल्प गावच्या हिताचा आहे' असे सांगितले की पुढे बोलणारा प्रत्येक जण प्रकल्पावर नव्हे, सरपंचांवर बोलू लागतो. विषय सरपंचांच्या स्वतःच्या जमिनीचा किंवा नातलगाच्या परवान्याचा असेल, तर तेवढ्यापुरती खुर्ची उपसरपंचांना द्यावी आणि तसे रजिस्टरात लिहावे.

ज्या विषयावर गाव खरोखरच दुभंगले आहे, तिथे एक जुनी युक्ती चालते. उत्तर देणाऱ्याने आधी समोरच्याचे म्हणणे दोन वाक्यांत सांगायचे, आणि समोरचा 'हय, हेंच म्हजें म्हणणें' असे म्हणेपर्यंत उत्तर सुरू करायचे नाही. पहिल्या दोन-तीन वेळा लोक हसतात. मग लक्षात येते की निम्मे भांडण कुणी न म्हटलेल्या गोष्टीवर चालले होते. मात्र हे प्रत्येक विषयाला लावू नका. पथदीप कुठल्या खांबावर बसवायचा यावर असली कसरत केली तर लोक उठून जातील, आणि बरोबरच करतील.

वादाचे तीन प्रकार फळ्यावर वेगळे लिहावेत, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा. पहिला माहितीचा : रस्ता सहा मीटर आहे की आठ, विहिरीपासून शेडचे अंतर किती, ओहोळ कुठे वळवला. यावर मतदान घेणे हा वेडेपणा. दोन्ही बाजूंची दोन-दोन माणसे टेप घेऊन जागेवर पाठवावीत आणि पंधरा दिवसांत चौघांच्या सहीचा एक पानी अहवाल घ्यावा. दुसरा हिताचा : शेड कुणाच्या वाड्याशेजारी, वास कुणाला, फायदा कुणाला. इथे तडजोड अटींनीच होते. गाड्या किती वाजेपर्यंत येतील, पावसाळ्यात छप्पर व गटार कुणी बघायचे, अट मोडली तर काय, हे ठरावाच्या मजकुरातच यायला हवे. तिसरा भीतीचा : आज शेड, उद्या इथेच सगळ्या तालुक्याचा कचरा येईल. भीतीला आकडे दाखवून ती जात नाही. ठरावात 'या शेडमध्ये फक्त याच पंचायतीचा कचरा घेतला जाईल. बदल करायचा तर पुन्हा ग्रामसभा' एवढे एक वाक्य घातले तर पुष्कळ कमी होते.

शब्दांविषयी. 'भायलो' (बाहेरचा), 'बिल्डराचो मनीस', 'भाटकाराचो (जमीनदाराचा) चमचो' ही विशेषणे माइकवर आली की सभा तिथेच संपते. 'भायलो' तर कायद्यातही बसत नाही. संविधानाच्या कलम 243 नुसार गावाच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो ग्रामसभेचा सदस्य. त्याचे आजोबा कुठले हे तिथे विचारलेले नाही. पण हेतूवर आरोप नको म्हणजे हितसंबंधांवर प्रश्नच नको, असे नव्हे. 'तू पैसे खाल्लेस' हे थांबवावे. 'त्या सर्व्हे नंबराच्या उताऱ्यावर, फॉर्म 1 व 14 वर, तुमच्या घरातल्या कुणाचे नाव आहे का?' हे विचारू द्यावे, त्याचे उत्तर घ्यावे आणि प्रश्न व उत्तर दोन्ही लिहावीत. पहिल्या वाक्यातून फक्त राग निघतो, दुसऱ्यातून तपासता येईल अशी माहिती. अध्यक्षांना हा फरक क्षणात ओळखता आला पाहिजे. तो येत नाही म्हणून दोन्ही एकदम दडपली जातात, आणि मग पहिलेच वाक्य सभागृहाबाहेर अधिक जोरात फिरते.

तरीही आवाज चढलाच तर? अध्यक्षांनी माइकवर ओरडू नये. त्यांचा आवाज माइकमुळे आधीच मोठा असतो. उभे राहावे, माइक बंद करावा, दहा मिनिटे चहा जाहीर करावा आणि परत आल्यावर ज्याचे बोलणे तुटले त्याच्यापासूनच सुरू करावे. सभा सरळ तहकूब करणे हा शेवटचा उपाय, कारण नको असलेला विषय पुरायला तहकुबीच वापरतात हे गावाला माहीत आहे. तहकूब करावीच लागली तर नवी तारीख त्याच क्षणी सांगून लिहून टाकावी. पोलीस बोलावले असतील तर ते फाटकाशी थांबू देत. सभागृहात खाकी दिसली की भिडस्त माणसे बोलेनाशी होतात आणि बोलके अधिकच चेकाळतात.

मोजणीकडे येऊ. 'मंजूर? मंजूर!' ही मोजणी नव्हे. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात रेषांच्या लांबीचे साधे प्रयोग केले. बाकीचे सगळे ठरवून चुकीचे उत्तर देत होते, तेव्हा एकट्या माणसाची सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्यांच्यामागे गेली. त्याच्याबरोबर बरोबर उत्तर देणारा एकच सोबती बसवला, तर चुकीची उत्तरे आधीच्या जवळपास एक चतुर्थांशच उरली. तिथे तर नुसत्या रेषा होत्या. इथे शेजारी, भाटकार, नोकरी लावून देणारा, सगळे आजूबाजूला बसलेले. म्हणून हात वर करायला सांगण्याआधी प्रत्येकाकडून चिठ्ठीवर तीनपैकी एक खूण घ्यावी : बाजूने, विरोधात, तटस्थ. शंभर-सव्वाशे चिठ्ठ्या मोजायला दोन माणसांना फार वेळ लागत नाही. हात वर करूनच घ्यायचे असेल तर रांगेगणिक मोजावे, मोजणारे दोन्ही बाजूंचे एकेक असावेत आणि तिन्ही आकड्यांची बेरीज सभागृहातल्या माणसांशी जुळवावी.

ती हजेरीच्या सह्यांशी जुळणार नाही, आणि तिथेच मोठी मेख आहे. लोक सही करून निघून जातात. पुढे तीच सह्यांची पाने ठरावाला संमती म्हणून दाखवली जातात. उपाय स्वस्त आहे. हजेरीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापून घ्यावे : 'ही फक्त उपस्थिती आहे, कोणत्याही ठरावाला संमती नव्हे.' शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारून वेळ लिहावी, म्हणजे नंतर कुणी 'राहून गेलेल्या' सह्या भरू शकणार नाही.

हरलेल्या बाजूची मोजदाद का महत्त्वाची, ते गोव्याइतके कुणाला ठाऊक असावे? 16 जानेवारी 1967 ला सार्वमत झाले. फुलाला, म्हणजे महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाला, 1,38,170 मते. दोन पानांना, म्हणजे वेगळे राहण्याला, 1,72,191. या पत्राच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी त्या वेळी फूल होते, काहींच्या घरी एकाच माजघरात दोन्ही. प्रश्न एकच होता, नेमका होता आणि दोन्ही आकडे सगळ्यांना माहीत झाले. कुणालाही 'गोव्याने एकमताने ठरवले' असे म्हणता आले नाही, आजही येत नाही. आणि दोनच महिन्यांनी, मार्च 1967 च्या निवडणुकीत, सार्वमत हरलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला, भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. एका प्रश्नावर विरोधात गेलेला माणूस सगळ्याच प्रश्नांवर विरोधात असतो, असे मतदारांनी धरले नाही. ग्रामसभेत मात्र शेडला विरोध केला की तो माणूस कायमचा 'त्या गटाचा' होतो, आणि मग शिगम्याच्या मेळातही त्याच्याशी कुणी बोलत नाही. हे थांबवणे कायद्याच्या हाती नाही, गावाच्या हाती आहे.

आता सचिवांसाठी. प्रत्येक वादग्रस्त विषयाच्या नोंदीत पाच गोष्टी हव्यात : ठरावाचा पूर्ण मजकूर, बाजूची कारणे, विरोधाची कारणे नावासह, अटी, आणि तिन्ही आकडे. उदाहरणादाखल : 'श्री. अमुक, वरचावाडा : जागा ओहोळापासून जवळ असल्याने जुलैतील पुराचे पाणी शेडमध्ये येईल. जोते उंच केल्यास हरकत नाही.' दोनच वाक्ये. पण नेहमी लिहितात काय, तर 'श्री. अमुक यांनी प्रकल्पास विरोध दर्शवला.' अट होती, तिचा विरोध झाला. पुढच्या वर्षी शेडमध्ये पाणी शिरले तर जोत्याची गोष्ट कुणी काढली होती, हे कुणालाच सापडणार नाही.

चर्चा कोकणीत होते, फलकावर मराठी, ठराव पुष्कळदा इंग्रजीत. म्हणून लोक उठण्याआधी प्रत्येक ठरावाचा मजकूर चर्चेच्या भाषेत मोठ्याने वाचावा आणि विरोध करणाऱ्याला विचारावे, तुमचे म्हणणे बरोबर आले का? एका विषयाला दोन मिनिटे पुरतात. रजिस्टर शिवलेले आणि पानांवर आधीच क्रमांक घातलेले असावे. सुटे छापील कागद चिकटवू नयेत. चूक दुरुस्त करताना एकच रेघ मारावी, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, बाजूला सही व तारीख. पांढरी शाई रजिस्टराच्या आसपासही नको. कच्चे इतिवृत्त आठ दिवसांच्या आत फलकावर लागले तर दुरुस्त्या वेळेत येतात. एरवी लोक माहिती अधिकाराचा अर्ज करून तीस दिवस वाट बघतात, आणि त्या तीस दिवसांत संशय दुप्पट होतो.

विरोध करणाऱ्यांनाही दोन शब्द. 'आमचा तीव्र विरोध आहे' हे कारण नव्हे. तुमच्या तीन मिनिटांत एक कारण, त्याचा एक पुरावा आणि कोणत्या अटीवर तुम्ही मान्य कराल ते सांगा. कोणत्याच अटीवर नाही, हेही उत्तर चालते. पण ते स्पष्ट सांगा, म्हणजे अटी शोधण्यात गावाचा वेळ जाणार नाही. आपले म्हणणे लिहून आणा आणि बोलून झाल्यावर तो कागद सचिवांच्या हातात द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आणि मोजणीआधी सभात्याग करू नका. बाहेर गेलेला माणूस कुठल्याच आकड्यात धरला जात नाही, आणि आत उरलेल्यांचा ठराव मग खरोखरच 'सर्वानुमते' होतो.

आमची मागणी मोठी नाही. येत्या तिमाही ग्रामसभेपासून तीन गोष्टी सुरू करा : हजेरीच्या पानावरचे ते वाक्य, तिन्ही आकड्यांची मोजणी, आणि उठण्याआधी ठरावाचे वाचन. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, वरून परिपत्रक यायची गरज नाही, पैसेही जवळजवळ लागत नाहीत. गेल्या वर्षभरात ज्या ठरावांवर 'सर्वानुमते' लिहिले आहे आणि ज्यांवर वाद झाल्याचे सगळ्यांना आठवते, त्यांची यादी याच सभेपुढे ठेवा. ज्यांना आपले तेव्हाचे म्हणणे पुरवणी नोंद म्हणून द्यायचे आहे त्यांच्याकडून पंधरा दिवसांत ते लेखी घ्या.

आपले,
ग्रामसभांची इतिवृत्ते लिहिणारे व वाचणारे काही गावकरी